आग्नेसचे दोन तास: अतिविचार, आत्मशंका आणि विश्वास यांचा एक प्रकरण अभ्यास

आग्नेस हे तिचं खरं नाव नाही. वय, घरातले तपशील आणि आकडेही मी थोडे बदलले आहेत. तिने हे लिखाण दोनदा वाचून होकार दिल्यावरच ते इथे देते आहे. मी निवृत्त शिक्षिका. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, कुटुंबांसाठी समुपदेशनाचं काम करते. त्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आहे, पण मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

पार्श्वभूमी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका किनारी गावात आग्नेसच्या वडिलांची काजू फॅक्टरी होती. आमच्याकडे फॅक्टरी म्हणायची रीत आहे म्हणून म्हणायचं. प्रत्यक्षात घरामागे पत्र्याची शेड, बी वाफवायचा बॉयलर, हाताने चालवायची चार कटिंग मशिनं, गर सुकवायचा ड्रायर आणि गावातल्या सहा बायका. वर्षाला पाच-सहा टन बी फोडली जायची. हंगामात पप्पा संध्याकाळी अंगणात वजनकाटा मांडून बसत. लोक पिशव्या घेऊन येत. पप्पा मूठभर बी उचलून कानाशी खुळखुळवत आणि भाव सांगत. सुकी बी कशी वाजते हे त्यांच्या कानाला पाठ होतं. आग्नेस तेव्हा आतल्या खोलीत हिशेब बघायची. बी.कॉम. झालेली, 31 वर्षांची, कामाला चोख. पाकिटं, लेबलं, गोव्यातल्या दुकानदारांचे फोन हे सगळं तिचं. भाव ठरवणं मात्र कधीच तिच्यावर आलं नव्हतं.

पप्पा ऑगस्टमध्ये गेले. रात्री साडेअकराला छातीत दुखायला लागलं. घरी ती आणि मम्मी, भाऊ कुवेतला. दुखणं गंभीर दिसलं की आमच्या भागातली माणसं गोव्याची हद्द ओलांडून बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात धाव घेतात, नाहीतर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. कुठे न्यायचं? नुसता गॅस असला तर? एवढ्या पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलं असेल तर? 108 ला फोन करायचा की शेजारच्या गाडीवाल्याला उठवायचं? तिने भावाला विचारलं, काकांना विचारलं, मोबाइलवर लक्षणं वाचत बसली. गाडी निघाली तेव्हा दीड वाजला होता. पप्पा वाटेतच गेले.

मला हे पुढच्या जूनमध्ये कळलं. तोपर्यंत दहा महिने ती ते दोन तास एकटीच पुन्हा पुन्हा जगत होती.

अडचण

बाहेरून दिसणारी अडचण एवढीच होती की फॅक्टरी बंद पडली. काजूची बी मार्च ते मे या काळात येते. छोट्या कारखानदाराला वर्षभराची बी तेव्हाच घेऊन, उन्हात वाळवून, गोणीत भरून ठेवावी लागते. नंतर व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घेतली तर हातात काही उरत नाही. पप्पांनंतरच्या पहिल्या हंगामात आग्नेसने बी घेतलीच नाही. घ्यायची नाही असं ठरवलं, असंही नव्हतं. तिने ठरवणंच पुढे ढकललं. आज भाव जास्त आहे, उद्या बघू. उद्या भाव उतरला तर अजून उतरेल. एका वहीत तिची चाळीस पानं आकडेमोड आहे, मी ती पाहिली आहे. हिशेब एकूण एक बरोबर. एक किलो गराला साधारण चार किलो बी, मजुरी, लाकूड, वीज, तुकड्याचं प्रमाण, डब्ल्यू 320 किती निघेल आणि डब्ल्यू 240 किती (या गराच्या आकाराच्या प्रती), सगळं. मेच्या मध्यात अवकाळी पाऊस आला, उरलेली बी काळी पडली आणि हंगाम संपला. सहापैकी चार बायका दुसऱ्या फॅक्टरीत गेल्या, दोघी घरी बसल्या.

आतली अडचण कळायला मला वेळ लागला. रात्री अकरा वाजले की तिचं डोकं चालू व्हायचं. वेळेवर निघाले असते तर? फोन करत बसले नसते तर? मग तोच धागा बीपर्यंत यायचा. पप्पांच्या वेळी ठरवता आलं नाही, आता काय ठरवणार? दिलेले पैसे तीनदा मोजायची. पाठवलेला मेसेज दहादा वाचायची. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचन करायला सांगितलं तर एक शब्द चुकेल म्हणून नकार. पुढे कॉयर, म्हणजे चर्चमधलं समूहगायन, तेही सोडलं.

आणि तिचा विश्वास या काळात तिचा आधार राहिला नव्हता. हे लिहिताना मला जड जातं, पण ते टाळून हे प्रकरण समजणार नाही. एका महिन्यात ती सहा वेळा कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला, गेली. त्याच फादरांकडे जायची लाज वाटे, म्हणून आपलं चर्च सोडून वेंगुर्ल्याला, सावंतवाडीला, एकदा थेट म्हापशाला. पाप तेच, पप्पांना न्यायला उशीर केला. क्षमा मिळाली की तासभर हलकं वाटे. मग शंका यायची, मी सगळं नीट सांगितलं का? 'गोंधळले' म्हणाले, पण खरं तर 'आळस केला' म्हणायला हवं होतं का? मग ती क्षमा लागू झाली का? रात्री डोळे मिटून बायबल उघडायची, बोट ठेवायची आणि तिथल्या ओळीत बी घ्यायची की नाही याचं उत्तर शोधायची. उत्तर पटलं नाही की परत उघडायची.

मम्मीला यातलं थोडंच ठाऊक होतं. तिचं बोलणं रोजचं एकच: "चेडवा, बी घे नायतर नको घेव, पण आधी जेव."

समोर असलेले पर्याय

आग्नेसपुढे चार वाटा होत्या. भावाचं म्हणणं, मशिनं विकून टाक, मम्मीला घेऊन गोव्यात खोली बघ, नोकरी कर. काकांचं म्हणणं उलट. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र सरकारच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान तेव्हा मिळत होतं, तर कर्ज काढून मोठीच फॅक्टरी उभी कर. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून द्यायची, स्वतः खरेदी करायचीच नाही. चौथी, थोडी बी घेऊन जेवढं झेपेल तेवढंच चालवायचं.

चारही वाटा शहाण्या होत्या आणि तीच तिची पंचाईत होती. एक वाट उघडच चुकीची असती तर निदान ती तरी बाजूला पडली असती.

माझ्यापुढचे पर्याय वेगळे. तिला धीर देत राहायचं, फादरांकडे पाठवायचं, की डॉक्टरकडे न्यायचं. मी पहिला निवडला, कारण तो सोपा होता आणि माझी तिच्यावर माया होती. "टीचर, माझी चूक नव्हती ना?" असा तिचा फोन यायचा. मी म्हणायचे, "नाही गं बाय, तुझी कसली चूक?" दुसऱ्या दिवशी परत फोन. ऑगस्टमध्ये पप्पांचं वर्ष झालं, त्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा फोन यायला लागले. तेव्हा मला दिसलं की ती कुमसाराच्या खिडकीशी जे करत होती तेच फोनवर माझ्याशी करत होती. मी क्षमेची दुसरी खिडकी झाले होते, आणि प्रत्येक वेळी तिची भूक वाढवत होते.

काय केलं

पहिला बदल फादरांनी घडवला. कुमसारात काय बोललं जातं ते फादर कोणालाही सांगत नाहीत, सांगू शकत नाहीत. पुढचं सगळं आग्नेसनेच मला सांगितलेलं आहे. तिने परत तेच पाप काढलं तेव्हा फादरांनी तिला थांबवलं आणि कुमसार संपल्यावर चर्चच्या ओसरीवर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. यापुढे एकाच धर्मगुरूकडे यायचं, महिन्यातून एकदा. पप्पांची ती रात्र पुन्हा कुमसारात आणायची नाही. ती देवापुढे मांडून झाली आहे. आणि बायबलला कौल लावायचा नाही.

कौल हा शब्द तिला लागला. आमच्या आजूबाजूच्या गावांत देवळात कौल लावतात, देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की होकार. तो शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण ख्रिस्ती माणसाला बायबल त्यासाठी दिलेलं नाही, आणि आपण डोळे मिटून नेमकं तेच करत होतो हे तिला त्या एका शब्दाने कळलं.

फादरांनी तिला इग्नेशियस लोयोलांची गोष्टही सांगितली. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांचे हे सोबती, म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव अनोळखी नाही. त्यांच्या या आजाराबद्दल मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. 1522 साली स्पेनमधल्या मानरेसा गावात इग्नेशियस याच खाईत पडले होते. सगळी पापं लिहून सांगितली तरी काहीतरी राहिलं असं वाटे. तेच तेच पुन्हा सांगत. जीव द्यावा असे विचार येत. जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच पुन्हा सांग, असं त्यांच्या धर्मगुरूंनी सांगितलं, तर त्याचाही उपयोग होईना, कारण त्यांना सगळंच स्पष्ट वाटत होतं. शेवटी जुनी पापं पुन्हा कुमसारात आणायचीच नाहीत असं त्यांनी ठरवलं, तेव्हा ते सुटले. आग्नेस मला म्हणाली, "टीचर, संताचंही असं झालेलं." इतक्या महिन्यांत तिच्या आवाजात पहिल्यांदा जरा उजेड होता.

मीही माझा नियम बदलला. 'माझी चूक नव्हती ना' या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. तिला आधी समजावून सांगितलं की तुला टाळत नाही, पण माझं उत्तर तुला आजारी ठेवतंय. पहिले दोन आठवडे ती फोनवर रडली, चिडली. एकदा तर म्हणाली, "तुम्हालाही वाटतं ना माझीच चूक?" तेव्हा गप्प राहणं हे या सगळ्या कामातलं मला सगळ्यात कठीण गेलं.

तरी झोप येईना. वजन उतरलं. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली की विहिरीवर गेलं की नको ते मनात येतं. दुसऱ्या दिवशी मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. तोवर ऑक्टोबर उजाडला होता. काकांनी विरोध केला. आमच्या जिल्ह्यात वेड्या माणसाला 'रत्नागिरीला पाठवा' म्हणतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून, आणि लग्नाच्या मुलीच्या नावाला ते चिकटेल ही त्यांची भीती. मम्मीने एका वाक्यात विषय संपवला. पप्पांना न्यायला उशीर झाला, हिला न्यायला होऊ देणार नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा चिंताविकार आहे आणि त्यात मंत्रचळाचा अंश आहे. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला जसा हाताबद्दल, तसा हिला आपल्या निर्णयांबद्दल आणि पापांबद्दल. गोळी सुरू झाली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तिने ती मध्येच सोडली नाही. रात्रीबेरात्री फार वाटलं तर फोन करायला 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला. तो तिने दोनदा लावला.

गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं असं तिला वाटत होतं. त्या दिवशी परतताना एस.टी.त मी तिला एलीयाची आठवण करून दिली. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला आधी काही बोलतच नाही. दूत येतो, भाकर आणि पाणी ठेवतो, उठवून खायला लावतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला लावतो. बोलणं नंतर, डोंगरावर गेल्यावर. आग्नेस खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मम्मी रोज तेच सांगते."

डिसेंबरपासून तिने एक नियम पाळला. रोजचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की पंधरा मिनिटं चिंतेची. दिवसभरात जी चिंता येईल ती तेवढ्यापुरती एका ओळीत लिहून ठेवायची आणि त्या वेळेला काढायची. पंधरा मिनिटं संपली की वही देव्हाऱ्यातल्या क्रूसाखाली. तिथे ठेवताना फार मोठी प्रार्थना नाही. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला रडत सांगतो की मी विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला तूच मदत कर. तेवढंच. हा बाप तिला का आवडला हे मी विचारलं. "त्याला पण खात्री नव्हती," ती म्हणाली, "तरी त्याचा पोरगा बरा झाला."

निर्णयाचा शुक्रवार

पुढचा हंगाम आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ बरोबरच सुरू झाले. निर्णय घेण्यासाठी आम्ही इग्नेशियस यांनीच लिहून ठेवलेली रीत वापरली, थोडी आपल्याला जमेल तशी. अनोळखी मुलगी याच चार वाटा घेऊन तुझ्याकडे आली तर तिला काय सांगशील? मरणाच्या वेळी मागे वळून बघताना कोणतं केलेलं असावंसं वाटेल? पहिल्या प्रश्नाला आग्नेसने पाच मिनिटांत उत्तर दिलं. दुसऱ्या कोणाला सांगायचं म्हटलं की तिचं डोकं स्वच्छ चालत होतं. ती म्हणाली, "कर्ज नको. विकायचं पण नको. दीड टन घे आणि दोन बायकांना बोलव."

मग रीतीतला शेवटचा भाग, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. आधी ठरवायचं, मग तो निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा. आजवर ती उलटं करत होती. देवाकडून खात्री मिळाली की ठरवीन म्हणायची, आणि खात्री येत नव्हती. याच रीतीत आधी घेतलेला निर्णय मन अंधारात असताना बदलू नये असाही एक नियम आहे. तो तिने कार्डावर लिहून वजनकाट्याला चिकटवला.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट ही उपवासकाळातली प्रार्थना संपवून ती घरी आली तेव्हा अंगणात पहिला माणूस पिशव्या घेऊन उभा होता. तिने मूठभर बी उचलली, कानाशी नेली. पप्पांना जे ऐकू यायचं ते तिला ऐकू आलं नाही. पाच बिया कापून बघितल्या, भाव सांगितला, पैसे दिले. त्या रात्री तिने मला फोन केला नाही. मी मात्र जागी होते.

काय झालं

दीड टन बी घेतली. त्यातली सव्वादोनशे किलो ओली निघाली आणि साठवणीत बुरशी धरली. तिचा भाव ठरवताना चुकलं होतं, खरंच चुकलं होतं. मला धास्ती वाटली की आता सगळं परत पहिल्यावर येणार. दोन रात्री ती झोपली नाही. तिसऱ्या दिवशी तिने राहिलेली बी परत उन्हात घातली आणि शेजारच्या गावातल्या एका जुन्या कारखानदाराकडे जाऊन बी वाजवून कशी ओळखायची ते शिकून आली. निर्णय बदलला नाही. शेड जूनपासून चालू झाली, दोन बायका आल्या, दिवाळीपर्यंत आणखी दोघी. पहिल्या वर्षी नफा नाममात्र होता.

गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून वर्षभराने कमी होत गेली. कुमसार महिन्यातून एकदा. मिस्सात वाचन ती करते. एकदा 'करिंथकरांस' म्हणताना अडखळली, थांबली, परत वाचलं. पैसे अजून दोनदा मोजते. भाऊ कुवेतहून परत यायचं म्हणाला तेव्हा महिनाभर झोप परत उडाली, वही परत भरली. ते ओसरलं, पण परत येणार नाही असं मी म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टरकडे जून महिन्यातच न्यायला हवं होतं. न झोपणारी, न जेवणारी, स्वतःला दोष देणारी व्यक्ती समोर असताना मी चार महिने घालवले, त्यातले सुरुवातीचे तर फक्त धीर देण्यात. विहिरीचं वाक्य तिच्या तोंडून निघेपर्यंत थांबले. जीव नको वाटतो का हे सरळ विचारायचं असतं, हे शिकलेलं होतं, पण आपल्या माणसाला विचारायची माझी जीभ वळली नाही. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट, ओझं उतरवायला जागा मिळते.

दुसरं, फादरांशी तिच्या परवानगीने आधीच बोलायला हवं होतं. ती फादरांकडे, माझ्याकडे आणि काकांकडे एकच प्रश्न घेऊन फिरत होती, आणि आम्ही तिघेही आपापल्या परीने तिला तेच उत्तर देत होतो. कोणालाच कळलं नाही की आपण एकाच चाकाला हात लावतोय.

तिसरं, पहिल्या हंगामात कोणी तरी तिच्या शेजारी अंगणात बसायला हवं होतं. उपदेश करायला नव्हे, नुसतं बसायला. गावात काजू कळणारी दहा माणसं आहेत. पप्पांच्या दफनाला सगळी आली होती, वजनकाट्याशी एकही आला नाही. यात मीही आले.

या लिखाणाच्या पहिल्या मसुद्यात मी पार्श्वभूमीच्या शेवटी एक वाक्य लिहिलं होतं, की उशीर झाला तरी त्यात आग्नेसचा दोष नव्हता. वाचून तिने मला बोलावलं. शेडमध्ये बॉयलर चालू होता, ती गोणीची तोंडं शिवत होती. "टीचर, ते वाक्य काढा," म्हणाली. "दोष होता की नव्हता, माका म्हायत नाय. तुमका पण म्हायत नाय. पप्पा देवाकडे आहेत, तेवढं माका पुरे." मी ते वाक्य काढलं.